बेडूक गेला की खोक

अब्बा, तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि मी आता पत्र लिहायला बसलोय, म्हणजे याचं डोकं ठिकाणावर नाही असं कुणालाही वाटेल. वाटू दे. परवा पनवेलच्या डॉक्टरांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवून दोन्ही डोळ्यांत उजेड मारला आणि विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का? मी म्हटलं, वडिलांना होता, त्यांच्या वडिलांनाही बहुतेक तोच असावा. त्यांनी थेंबांची बाटली लिहून दिली. दिवसातून दोनदा, चुकवायचं नाही. तेव्हापासून माझा नवा उद्योग सुरू झालाय. एक डोळा झाकायचा आणि खिडकीबाहेरचा विजेचा खांब बघायचा, मग दुसरा झाकायचा. सुनेने दारात ठेवलेली बादली न शोधता दिसली का, ते आठवून बघायचं. दिवसातून वीसदा तरी. मी मुळातच घाबरट, तुम्ही म्हणायचातच. आणि दर वेळी खांब दिसला की हायसं वाटण्याऐवजी मला कुवेतमधल्या फहाहीलचा तो खडकाळ किनारा दिसतो, आणि तुमच्या हातातली गळाची काठी दिसते.

रुपया जाऊन दिनार आला, त्याच वर्षीची गोष्ट. फहाहीलच्या खोलीत आपण तिघं राहायचो. तुम्ही, मी, आणि आपल्याच तालुक्यातला तो तीन मुलींचा बाप, जो तुमच्या हाताखाली काम करायचा आणि रोजची डाळ इतकी पातळ करायचा की तुम्ही म्हणायचात, यात नमाजाआधीचं वजू करावं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. दिवसभर मेणकापडावर बारीक रेघा मारायच्या. तुम्ही मीना अल-अहमदी बंदराच्या जेटीवर नळ्यांच्या टोळीचे मुकादम. तेल भरायला टँकर लागला की मांडीएवढ्या जाड रबरी नळ्या विंचच्या यंत्राने उचलायच्या, जहाजाच्या तोंडापर्यंत न्यायच्या, अलगद खाली सोडायच्या आणि माणसांनी हात घालून बोल्ट आवळायचे. विंचवाला मागे बसलेला असतो, त्याला काही दिसत नाही. त्याने फक्त मुकादमाच्या हाताकडे बघायचं. तळवा वर म्हणजे उचल, तळवा खाली म्हणजे सोड, आणि मूठ मिटली की जिथल्या तिथे थांब. मी एकदा डबा द्यायला आलो होतो तेव्हा पाहिलं होतं. तुम्ही मूठ मिटलीत आणि ते एवढं अवजड धूड हवेत थांबलं. मला वाटलं, माझ्या बापासारखा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये नाही.

जेटीचे साहेब अमेरिकन होते, गोड्या पाण्याच्या तळ्यांच्या मुलखातले. तिथे बास नावाचा मासा असतो, आणि तो पकडायला त्यांनी घरून एका डबीत रबरी बेडूक आणले होते. आतून पोकळ, हिरव्या पाठीचे, मागे रबराच्या पट्ट्यांचे लोंबते पाय. दोन गऱ्या पाठीला चिकटवून बसवलेल्या, म्हणजे शेवाळात अडकत नाहीत. पाण्यात बुडवायचा नाही, वरच्यावर ठेवायचा, आणि काठीच्या टोकाने छोटे छोटे हिसके देत ओढायचा. कुवेतमध्ये ना तळं ना बेडूक, त्यामुळे ती डबी दोन वर्षं त्यांच्या टेबलावर तशीच पडून होती. ती तुम्ही पाहिलीत. साहेबांनी एक बेडूक तुमच्या तळव्यावर ठेवला, तुम्ही तो दाबून बघितलात आणि पोर हसावं तसे हसलात.

का हसलात ते मला संध्याकाळी सांगितलंत. आपल्या खाडीच्या उघाडीवर, भरतीचं पाणी आत घ्यायच्या त्या दरवाजाशी, कोळी लोक जिवंत बेडूक गरीला लावून जिताडा धरायचे. तुम्ही तरणेबांड, शेजारी उभे राहून बघायचात. आजोबांनी तंबी दिलेली, आपल्यात बेडूक मारणं मना आहे, घरात असला जिताडा आणलास तर उंबरा ओलांडू देणार नाही. म्हणून आयुष्यभर तो शौक मनातच राहिला. आणि आता हा साहेब! "याला जीवच नाही," तुम्ही मला म्हणालात, "म्हणजे गुनाहपण नाही." साहेबांना तुम्ही जहाजांवर शिकलेल्या तुमच्या मोडक्या इंग्रजीत पटवलंत की समुद्रातही हा चालेल. तिथे जिताडा नव्हता, पण खडकांच्या मधल्या शेवाळी पाण्यात एक चपटा, चंदेरी, दोन हात लांबीचा मासा यायचा आणि पहाटे वरच्यावर शिकार करायचा. पहिल्याच शुक्रवारी त्याने बेडूक घेतला. साहेब तर टोपी हातात घेऊन नाचायचेच बाकी राहिले.

मग दर शुक्रवारी, पहाटेची फजरची नमाज झाली की तुम्ही, मी आणि साहेब किनाऱ्यावर. मला सुट्टीच्या दिवशी झोप हवी असायची, पण साहेबांचं बोलणं तुम्हाला नीट कळावं म्हणून मी हवा होतो. त्या माशाची एक खोड होती. तो बेडकावर तुटून पडायचा, पाणी उसळायचं, फाडकन आवाज यायचा, पण चारातल्या तीन वेळा तोंडात काही धरलेलंच नसायचं. नुसता धक्का मारून बघायचा. तेव्हा काठी ओढली की संपलं, तो परत येत नाही. आवाज झाला की गप्प उभं राहायचं आणि बघायचं. बेडूक तरंगतोय का? तरंगत असेल तर एक हलका हिसका, पुन्हा वाट. बेडूक दिसेनासा झाला असेल तरच दोरी ताणेपर्यंत थांबायचं आणि मग जोर लावायचा. साहेब म्हणायचे, त्यांच्याकडचे मुरलेले लोकसुद्धा इथे फसतात, कारण कान आधी ऐकतो आणि हात सुटतो. "हा मासा कानाने धरायचा नसतो," ते म्हणाले होते, "डोळ्याने धरायचा." मी दर वेळी आवाजासरशी काठी ओढायचो आणि हात हलवत परत यायचो. तुम्ही साहेबांना सांगायचात, हा घाईतच जन्मला, सातव्या महिन्यात.

तुमच्या डोळ्यांचं मला कधी कळलं, हे मी कितीदा आठवून पाहिलंय. एक दिवस असा नाहीच. चहाचा पेला तुम्ही टेबलाच्या अगदी काठावर ठेवता, मी मागे सरकवतो. मशिदीबाहेर चपला पायाने चाचपता. समोरचं नेमकं दिसतं, पेपरातला मथळा वाचता, पण बाजूने आलेला माणूस अंगावर आला की दचकता. मान सारखी इकडून तिकडे फिरवत चालायला लागलात. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्हाला उत्तर द्यावं लागलं असतं. मग एका गुरुवारी बसमधून उतरून खोलीकडे येताना तुम्ही सहज म्हणावं तसं म्हणालात, "उद्यापासून बेडूक गेला की तू खोक."

मी म्हटलं, का? तुम्ही म्हणालात, सूर्य समोरून येतो, पाण्यावर फार चकाकतं. दुसऱ्या दिवशी आभाळ होतं. चकाकण्यासारखं काही नव्हतं. तरी मी खोकलो, आणि तुम्ही दोरी ताणेपर्यंत थांबलात, काठी ओढलीत, आणि मासा आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही आला. तिसऱ्या शुक्रवारी दोन. आवाज कितीही मोठा होऊ दे, माझा खोकला येईपर्यंत तुमचा हात हलायचा नाही. साहेब मला म्हणाले, या वयात अशी नजर मी पाहिली नाही, वडिलांना सांग. मी सांगितलं. तुम्ही मिशीतल्या मिशीत हसलात. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. त्या वेळी मला ती आपल्या दोघांची गंमतच वाटली होती.

पण ड्रॉइंग ऑफिसच्या खिडकीतून जेटी दिसत नव्हती, भोंगा मात्र ऐकू यायचा, आणि कुठलाही भोंगा वाजला की माझी रेघ वाकडी जायची. एका संध्याकाळी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तुम्ही कांदा चिरत होतात, बोटांनी चाचपत, सुरी जपून. मी म्हटलं, अब्बा, घरी जायचा विचार करा ना आता. मी आहे इथे. तुम्ही सुरी खाली ठेवलीत. आजोबा शेवटची अठरा वर्षं पडवीत बसून होते, येणाऱ्याजाणाऱ्याला पावलांवरून ओळखायचे, आणि कुणी गप्प गेलं की विचारत राहायचे, कोण ते, कोण ते. ते सगळं तुम्ही मला पुन्हा सांगितलं नाहीत. एवढंच म्हणालात, "मला पडवीत बसवू नकोस." मी म्हटलं, नाही बसवणार. तुम्ही पुन्हा सुरी उचललीत.

त्यानंतर आठ दिवसांत ते झालं. नळी खाली येत होती, आपला खोलीतला सोबती बोल्टाच्या भोकाशी हात घालून उभा होता, बाजूने. त्याने ओरडून थांब म्हटलं तेव्हा तुमचा तळवा अजून खालीच होता. त्याने हात ओढून घेतला. हातमोजा आत राहिला. संध्याकाळी खोलीत त्याने मला तो हात दाखवला, बोटं एकेक करून मोजली आणि हसला. म्हणाला, पाच आहेत, मुकादमांना काही बोलू नकोस. मी विचारलं, वर कळलं का? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी घाण बोललोय. टोळीतली चौदा माणसं आपल्याच किनाऱ्यावरची. आपल्या माणसाचं नाव वर जाऊ द्यायचं नाही, हा कायदा कुणी लिहिला नव्हता, पण तो मोडणाऱ्याच्या घरात पुढे कुणी सोयरीक केली नसती. मग कळलं की तिकडेही त्यांनी तुमच्यासाठी सोय केली होती. नळीजवळचा माणूस हळूच शीळ घालायचा आणि तुम्ही मूठ मिटायचात. त्या दिवशी वारा होता, शीळ पोचली नाही. म्हणजे चौदा माणसं शीळ घालत होती आणि मी खोकत होतो, आणि साहेब म्हणत होते, काय नजर आहे!

साहेबांच्या कानावर काहीतरी गेलंच. त्यांना तो हातमोजा सापडला असावा. ते ड्रॉइंग ऑफिसात आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले, रेघा बघितल्या, आणि विचारलं, तुझ्या वडिलांचे डोळे कसे आहेत? मी शाईची दौत बाजूला सरकवली. सांगायची वेळ ती होती, अब्बा. एक वाक्य लागलं असतं. मी म्हटलं, तुम्ही तर त्यांना दर शुक्रवारी बघता. साहेब विचारात पडले, म्हणाले, खरंय, आणि गेले. जाताना म्हणाले, उद्या भेटूच.

त्या रात्री मी डोळा मिटला नाही. आपला सोबती माझ्या शेजारीच झोपला होता, हात छातीवर ठेवून, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून घोरत होतात. मी हिशेब करत नव्हतो, देवाशपथ, नुसता घाबरत होतो. कधी वाटायचं, नाव कसं घेऊ. कधी वाटायचं, शनिवारी टँकर आहे.

सकाळी समुद्र अगदी शांत होता. तुम्ही बेडूक फेकलात, छान लांब, त्या दोन खडकांच्या मधल्या शेवाळावर. तुमच्या मनगटाला अजून सगळं येत होतं. दोन हिसके, थांबणं, एक हिसका. साहेब आपल्यापासून पाच-सहा पावलांवर, त्या दिवशी स्वतःची काठी न उघडता उभे होते. पाणी उसळलं. तुम्ही हललाही नाहीत. लाट विरली आणि बेडूक वर आला, पाठ हिरवी, पाय पसरलेले, अगदी उघड्यावर. मला दिसत होता. साहेबांना दिसत होता. तुम्ही मान किंचित माझ्याकडे वळवून उभे होतात, वाट बघत.

आणि मी खोकलो.

तुम्ही थांबलात, दोरी ताणायची वाट बघितलीत, ती ताणली नाही, तरी माझ्या खोकल्यावर भरवसा ठेवून अंगातली सगळी ताकद लावून काठी ओढलीत. बेडूक पाण्यातून उडाला, हिसक्याने दोरी तुटली, तो आपल्या डोक्यावरून मागे गेला आणि साहेबांच्या पायाशी पडला. साहेबांनी वाकून तो उचलला. चालत आले आणि तुमच्या बाजूला, हातभर अंतरावर, तळवा उघडून धरला. तुम्ही पाण्याकडे बघत सैल दोरी गुंडाळत होतात. म्हणालात, "मोठा होता साहेब, बेडूकपण घेऊन गेला." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. त्यांनी बेडूक खिशात टाकला आणि म्हणाले, हो मुकादम, फारच मोठा होता. मग थर्मासमधून तुम्हाला चहा ओतला आणि पेला स्वतः तुमच्या हातात नेऊन दिला.

परतताना तुम्ही वाटेत एवढंच बोललात, "घाई केलीस." मी म्हटलं, हो अब्बा. तुम्ही माझ्या खांद्यावर हात टाकलात, चालायला आधार म्हणून की मला समजवायला म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही. म्हणालात, होतं असं, पुढच्या वेळी थांब.

पुढची वेळ आली नाही. शनिवारी सकाळी तुम्हाला जेटीऐवजी दवाखान्यात बोलावलं, सगळ्याच मुकादमांची तपासणी आहे असं सांगून. साहेबांनी तेवढी इज्जत राखली. टोळीत कुणावर संशय गेला नाही. महिन्याभरात तुमची घरी जायची बोट होती. धक्क्यावर तुम्ही माझ्या तोंडावरून हात फिरवलात आणि म्हणालात, बरं झालं, नाहीतरी थकलो होतो. तुम्ही थकला नव्हतात, ते मला माहीत होतं.

मी तुम्हाला पडवीतच बसवलं. अकरा वर्षं. दर रजेला मी यायचो तेव्हा गल्लीच्या तोंडापासून पाय वाजवत यायचो, म्हणजे तुम्हाला कोण ते विचारावं लागू नये. आलेल्यागेलेल्याला तुम्ही सांगायचात, तिकडे माझा मुलगा माझे डोळे होता, साहेबसुद्धा फसला. लोक हसायचे. मी आत जाऊन पाणी प्यायचो. त्या खोकल्याचं खरं काय ते लिहून कळवावं असं कैकदा मनात आलं. तोंडाने बोलायची माझी छाती नव्हतीच. पण माझी पत्रं तुम्हाला अम्मी वाचून दाखवायची, दारात बसून, मोठ्याने, आणि ऐकायला शेजारची दोन घरं यायची. माझं हे पत्र तिने कसं वाचलं असतं? म्हणून मी हवापाणी लिहायचो, तब्येत लिहायचो, आणि सही करायचो.

तो आपला सोबती पुढे एकवीस वर्षं जेटीवर होता. तिन्ही मुलींची लग्नं केली. त्याच्या जनाज्याला मी गेलो होतो आणि त्याचे दोन्ही हात बघितले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की मी ते त्या हातांसाठी केलं. जेटीवरच्या चौदा माणसांसाठी, तुमच्यासाठीसुद्धा. कुणाला सांगितलं तर तेही म्हणतील, बरोबर केलंस.

पण अब्बा, किनाऱ्यावर मान वळवून तुम्ही उभे होतात ना, तेव्हा माझ्या मनात तो नव्हता, त्याच्या मुली नव्हत्या, शनिवारचा टँकर नव्हता. मी फक्त विटलो होतो. रोज भोंगे ऐकून, पेले मागे सरकवून, तुमच्यावर नजर ठेवून मी इतका विटलो होतो की कसंही करून हे माझ्या हातून सुटावं, एवढंच मला हवं होतं. त्या दुपारी जुम्म्याची नमाज पढून आपण खोलीवर आलो. तुम्ही भिंतीला टेकून बसलात, काठीची चक्री उघडून पुसायला घेतलीत आणि तुटलेलं टोक सापडेना म्हणून दोरी बोटांनी चाचपत राहिलात. मला हाक मारलीत, जरा बघ रे. मी ऐकलं. मी कूस बदलली आणि किती महिन्यांनी मला गाढ झोप लागली.